दिवस आठवा : ए, बी, के, डी

आठव्या दिवसाचं सांगायचं तर सुरुवात सातव्या दिवसाच्या रात्रीपासून करावी लागेल, कारण भांडण तेव्हा झालं.

नगरच्या आमच्या चर्चचा (आमच्यात त्याला 'मंडळी' म्हणतात) गट मेघालयात सेवेला आला होता, ते काम संपलं होतं. सोहरापासून थोड्या अंतरावरच्या त्या खेड्यातल्या शाळेच्या दोन खोल्या रंगवून झाल्या होत्या, सिस्टरांची डोळे-तपासणी उरकली होती, मुलांची गाणी बसली होती. शनिवारी गुवाहाटीहून विमान, कारण रविवारी पाळकसाहेबांना नगरात उपासना घ्यायची. मधला शुक्रवार मोकळा. चेरापुंजीला येऊन (तिथले लोक सोहराच म्हणतात, आणि आठवड्याभरात आम्हीही म्हणायला लागलो) धबधबा न बघता परत जायचं का, हा प्रश्न जेवणानंतर कुणीतरी टाकला आणि खजिनदार मावशींनी वही उघडली.

"मंडळीनं दिलेले पैसे सेवेसाठी आहेत. धबधब्यासाठी नाहीत."

"मावशी, सात दिवस भिंती घासल्या आम्ही," तरुण संघातला एक म्हणाला.

"मग उपकार केलेत का?"

पाळकसाहेबांनी दोनदा प्रार्थना सुचवली, पण कुणी डोळे मिटेना. शेवटी ठरलं की प्रत्येकी बाराशे रुपये स्वतःच्या खिशातून काढायचे. मावशींनी वहीत वेगळं पान घातलं आणि वर ठसठशीत मथळा लिहिला : 'प्रेक्षणीय'. खरं सांगते, मला मावशींचंच पटलं होतं. पण मीही बाराशे काढले.

पोरांचा हट्ट वेगळाच. त्यांना नोंग्रियातचा दुमजली मुळांचा पूल बघायचा होता. तिर्ना गावातून खाली तीन हजारांवर पायऱ्या, आणि परतीलाही त्याच चढायच्या. माझ्या गुडघ्यांनी त्याच क्षणी राजीनामा दिला. सहा पोरं पहाटे सुमोनं तिकडे आणि आम्ही उरलेले आठ जण मोठ्या गाडीनं इकडे, अशी फाळणी झाली.

इथे नोव्हेंबरात सव्वापाचला उजाडायला लागतं आणि संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडतो. घड्याळ मात्र नगरचं आणि इथलं एकच. पहिले दोन दिवस आम्ही सहाला उठून 'लवकर उठलो' म्हणून खूश व्हायचो, तोवर गावातल्या बायका अर्धं काम उरकून बसलेल्या असायच्या. निघायच्या सकाळी आमच्या यजमानीण कॉंगनी शा सॉ दिला, म्हणजे बिनदुधाचा लाल चहा, आणि सोबत पुथारो. तांदळाच्या पिठाचं हे पांढरं, जाडसर प्रकरण. कोकणातल्या कुणाला दिलं तर ते 'आंबोळी' म्हणून मोकळे होतील. 'कॉंग' म्हणजे ताई. घर त्यांचंच. त्या सगळ्यात धाकट्या लेक, आणि खासी रीतीप्रमाणे आईचं घर धाकट्या लेकीकडे जातं. हे कळल्यापासून मावशी त्यांच्याशी जरा जास्तच आदरानं बोलत होत्या.

गाडी निघाली आणि दहा मिनिटांत मी ओरडले, "टँकर!"

मी नगर जिल्ह्यातली. टँकर मला शंभर पावलांवरूनही ओळखू येतो. एका छोट्या ट्रकवर पाण्याची टाकी, खाली डबे आणि कॅनची रांग, रांगेत बायका-पोरं. चेहऱ्यांवरचा तो कंटाळाही ओळखीचा. पण हे सोहरा! 1860 च्या ऑगस्टपासून 1861 च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत इथे 26,471 मिलिमीटर पाऊस पडला, तो जगाचा विक्रम. एकट्या जुलै 1861 मध्ये 9,300. आमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे पडला तरी पेढे वाटावेत. आणि इथे रांग?

चालक म्हणाले, पाऊस थांबला की असंच. (त्यांना सगळे 'बाह' म्हणायचे, म्हणजे दादा. आम्हीही तेच म्हणू लागलो.) जमीन चुनखडीची, वरचा मातीचा थर पातळ, झाडी तुटलेली, पडलेलं पाणी उभ्या कड्यांवरून खाली बांगलादेशच्या मैदानात निघून जातं. उन्हाळ्यापर्यंत ओढे आटतात. "आमचं पाणी ते पितात," बाह हसत म्हणाले. आमच्या गाडीत यावर अर्धा तास चर्चा झाली, बंधारे, शेततळी, पाणलोट, सगळं. आठ नगरकर दुष्काळावर बोलायला लागले की धबधबा मागे पडतो.

पहिला थांबा डेव्हिड स्कॉटच्या स्मारकाचा. ईशान्य सीमेवरचा कंपनी सरकारचा हा एजंट 1831 साली इथेच, सोहरात वारला. पाळकसाहेब लगेच म्हणाले, "1831! त्याच साली आपल्या नगरात अमेरिकन मिशन आलं." आम्ही माना डोलावल्या. बाह मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडे तिरोत सिंग यांचं नाव आधी घेतात." नोंगख्लावचे हे सियेम, म्हणजे राजे. खासी डोंगरातून रस्ता काढण्यावरून 1829 मध्ये स्कॉटच्या माणसांशी लढाई पेटली, पुढे चार वर्षं ते डोंगरात लढत राहिले आणि शेवटी 1835 मध्ये ढाक्याला कैदेत वारले.

मग पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "बाह, तुमची मंडळी कुठली? प्रेस्बिटेरियन का कॅथलिक?"

"कुठलीच नाही. मी न्याम खासी. येत्या 23 तारखेला आमचा मोठा दिवस आहे."

गाडीत क्षणभर शांतता. आठ दिवस हा माणूस आमच्यासोबत होता, प्रार्थनेच्या वेळी टोपी काढून उभा राहत होता, आमच्या गाण्यांना चुटक्या वाजवत होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला गृहीत धरलं होतं. 1899 च्या 23 नोव्हेंबरला सोळा खासी तरुणांनी आपला जुना धर्म, म्हणजे न्याम खासी, आणि रीत टिकवायला सेंग खासी ही संघटना काढली, तो तो दिवस. "गाणी तुम्हाला कशी येतात मग?" मी विचारलं. "शाळा मिशनचीच होती ना," बाह म्हणाले.

मला जरा लाज वाटली. त्याचं कारणही आहे. मेघालयात शंभरातले सुमारे पंचाहत्तर लोक ख्रिस्ती. तिसऱ्या दिवशी, रविवारी, दुकानं बंद, रस्ते ओस आणि ठेवणीतले जाइनसेम नेसलेल्या बायकांचे घोळके चर्चकडे निघालेले बघून मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यभर आम्ही 'तुमच्यात लग्नात हळद असते का हो?' याची उत्तरं देत आलोय. पहिल्यांदा कुणी काही विचारत नव्हतं. आठवड्याभरात बहुसंख्य असण्याची इतकी सवय लागली की शेजारचा माणूस वेगळा असू शकतो हेच आम्ही विसरलो. नगरात आमच्याबद्दल लोक विसरतात, अगदी तसंच.

तिथून नोंगसॉलिया. खासी डोंगरातली ही पहिली मंडळी, 1846 सालची. आवारात एक वृद्ध गृहस्थ भेटले. टिम्मेन बसान, म्हणजे आमच्याकडे ज्यांना मंडळीचे 'वडील' म्हणतात ते. इंग्रजी चांगलं, हिंदी थोडं. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि थॉमस जोन्सची गोष्ट सांगितली.

वेल्समधल्या सुताराचा हा मुलगा 22 जून 1841 ला बायकोसह सोहरात पोचला. (मेघालयात आता त्या दिवशी सरकारी सुट्टी असते.) त्याच्या आधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींच्या मिशननं खासीत नवा करार छापला होता, पण बंगाली लिपीत, आणि ती इथे कुणाला रुचली नाही. हेच ते कॅरी, ज्यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे एकाच छापखान्याच्या दारात आम्ही आणि खासी शेजारी-शेजारी उभे होतो. फरक एवढाच की आमच्या पदरात ज्ञानेश्वर-तुकाराम आधीच होते, कॅरींनी फक्त खिळे जुळवले. खासींच्या बोलीला स्वतःचं लिहितं अक्षर नव्हतं. जोन्सनं रोमन अक्षरं घेतली आणि आपल्या वेल्श कानानं ती खासीवर बेतली.

या माणसाचा शेवट मला ठाऊक नव्हता. 1845 मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली. त्यानं पुन्हा लग्न केलं ते एका फार लहान मुलीशी. मिशन नाराज झालं आणि 1847 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. मग तो शेती करू लागला, आणि हॅरी इंग्लिस नावाच्या बड्या व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध खासींच्या बाजूनं बोलू लागला. त्याचा परिणाम असा की त्याला पळावं लागलं. 1849 मध्ये कलकत्त्यात तो तापानं वारला. वय 39. त्याचं थडगं तिथल्या स्कॉटिश कबरस्तानात आहे. मिशननं ज्याला काढलं त्याच्याच नावानं आज सुट्टी. पाळकसाहेब यावर काहीच बोलले नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत अशा जागा फार कमी.

"आणि अक्षरं तेवीस," टिम्मेन बसान म्हणाले. "ए, बी, के, डी..."

"सी?" मी विचारलं.

"सी नाही. एफ नाही, क्यू नाही, व्ही, एक्स, झेड नाही. सीच्या जागी के. जीनंतर एन-जी मिळून एक अक्षर. दोन टिंबांचा आय वेगळा, वर लाट असलेला एन वेगळा."

मी सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी मावशींकडे. कारण पाचव्या दिवशी, दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, आमच्या पोरांनी मोबाइलवर बघून सव्वीस पिवळे चौकोन काढले होते आणि त्यात निळ्या रंगानं ए ते झेड लिहून वर मथळा दिला होता : 'खासी अक्षरं'. मथळा तेवढा मुलांना विचारून खासीत लिहिलेला. शाळेच्या बाईंनी बघितलं होतं, हसल्या होत्या, 'खुब्लेई' म्हणजे धन्यवाद म्हणाल्या होत्या. आम्ही फोटोही काढून नगरला पाठवले होते.

टिम्मेन बसान पोट धरून हसले. मी गणिताची शिक्षिका. आलेल्या संकटाची मोजणी करणं हा माझा स्वभाव. चहाच्या बिलाच्या पाठीवर दोन्ही रांगा मांडल्या. आणि बघा गंमत : ए-बी, डी-ई, एच-आय, एल-एम-एन, आर-एस-टी-यू ही तेरा अक्षरं दोन्हीकडे बरोबर त्याच चौकोनात येतात. दहा चौकोन बदलायचे, शेवटचे तीन रिकामे करायचे. बरोबर निम्मी भिंत चुकलेली.

त्या एन-जीनं मला आणखी एक धक्का दिला. तो म्हणजे आपला ङ, आणि लाटवाला एन म्हणजे ञ! बालवाडीपासून आपण 'क ख ग घ ङ' घोकतो आणि त्या बिचाऱ्या ङ चा चित्रासाठी एक शब्द सापडत नाही. तक्त्यातली त्याची जागा कोरीच. खासीत 'मी' म्हणायचं तर म्हणतात 'ङा'. दिवसातून हजारदा. आमचा बेकार बसलेला ङ इथे नोकरीला आहे. सिस्टरांनी मेळघाटात बरीच वर्षं काढलीत. त्यांनी टिम्मेन बसानना दोनचा आकडा विचारला. ते म्हणाले, "आर." कोरकूत दोनला 'बारी'. खासी आणि कोरकू दोन्ही भाषा एकाच ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या, हे सिस्टरांनी वाचलं होतं. पण कानानं ऐकल्यावर त्या अशा खुलल्या की माहेरचं माणूस भेटलं जणू.

नोहकालिकाई धबधबा बघितला. 340 मीटर सरळ उडी, खाली हिरवं-निळं कुंड. पावसाळा सरल्यामुळे धार बारीक, पण ऊन स्वच्छ. धबधब्याचं वर्णन मला जमत नाही आणि फोटोंनी फोनची जागा भरलेली आहेच. नाव मात्र विसरता येत नाही. 'नोह' म्हणजे उडी. का लिकाई ही विधवा, दुसरं लग्न केलेली. नवऱ्याला तिच्या तान्ह्या लेकीचा मत्सर. एक दिवस ती कामावरून आली, तयार असलेलं जेवण जेवली, आणि मग पान खायला सुपारीची टोपली ओढली तर तिच्यात लेकीची बोटं. तिनं इथून उडी घेतली. बाहंनी हे कठड्याला टेकून, आवाज न चढवता सांगितलं. मावशी दूर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पर्समध्ये दालचिनीच्या काड्यांची पुडी होती, समोरच्या टपरीवरून घेतलेली, ती त्या उगीच उघडत-मिटत होत्या.

जेवायला जादोह, मांसात शिजवलेला पिवळसर भात, आणि तुंगताप, सुक्या मासळीची चटणी. चटणीला सगळ्यांनी एकमतानं 'सुकट' म्हणून नगरचं नागरिकत्व दिलं. नंतर हॉटेलवालीनं क्वाई पुढे केली. पान, चुना आणि ओली, आंबवलेली सुपारी. आमच्या पाळकसाहेबांना पानाचा गर्व. त्यांनी अख्खी तोंडात टाकली. दोन मिनिटांत कपाळावर घाम, कान लाल, स्वेटर काढून हातात. "मला चक्कर येतेय की देवाचं दर्शन होतंय?" असं विचारून ते पायरीवर बसले. बाह म्हणाले, आमच्यात कुणी वारलं की म्हणतात, तो आता देवाच्या घरी क्वाई खातोय. "इतक्यात नको," पाळकसाहेब म्हणाले.

मॉस्माई गुहेत एका अरुंद फटीत आमच्या एक काकू अडकल्या, मागून ढकलून आणि पुढून ओढून सुटल्या. त्याबद्दल अधिक लिहू नये अशी त्यांची अट आहे. गुहा छान आहे. दिवे आहेत. पुढचा सात बहिणींचा धबधबा आम्ही गाडीतूनच बघितला, म्हणजे कोरडा कडा बघितला.

दोन वाजता पोरं तिर्नाहून आली. चालत नव्हती, घसरत होती. सहाही जण एकदम बोलत होते : रबरी वडाची मुळं पोकळ सुपारीच्या खोडातून ओढ्यापलीकडे नेतात, वर्षानुवर्षं वाढू देतात, मग त्यावर दगड-फळ्या टाकतात, लाकडी पूल इथल्या पावसात कुजतो पण हा जिवंत असल्यामुळे उलट मजबूत होत जातो... "म्हणजे बघा, विश्वासाचं असंच आहे," पाळकसाहेबांनी सुरुवात केली, आणि सगळे एका सुरात ओरडले, "साहेब, रविवारी!"

मग त्यांना भिंतीचं सांगितलं. ज्यानं अक्षरं लिहिली होती त्याचा चेहरा बघवेना. "शिलाँगला पोलीस बाजार बघायचाय ना आपल्याला?" एकानं बारीक आवाजात विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. बाहंनी न विचारता गाडी सोहराच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानापुढे उभी केली.

शाळेत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. बाई कुलूप लावत होत्या. आम्ही हात जोडून माफी मागितली तर त्याच संकोचल्या. "मला वाटलं तुम्ही इंग्रजीसाठी काढलंय. मथळा तेवढा नंतर खोडणार होते." आठ दिवसांचा पाहुणचार आणि हा सभ्यपणा, दोन्ही एकदम अंगावर आले.

तेरा चौकोनांवर पिवळा हात मारला. तो वाळेपर्यंत बाहेर अंधार पडला. खोलीत दिवा नव्हता, म्हणून बाहंनी गाडी दारासमोर आणून दिवे आत सोडले. पोराच्या हाताला पायऱ्यांचा थरकाप अजून होता. के वाकडा आला. एन-जी एका चौकोनात बसेना. तेव्हा बाहंनी ब्रश घेतला आणि एन-जी, टिंबांचा आय, लाटेचा एन, तिन्ही एकेका फटक्यात लिहिले. "मिशनची शाळा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. शेवटच्या तीन रिकाम्या चौकोनांचं काय करायचं ते बाईंवर सोडलं. खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांनी तिथे क्नूप हवा, म्हणजे पाठीवर घ्यायचं ते वेताचं इरलं, असा आग्रह धरला. एकाच चौकोनात ते काढलं. दोन अजून रिकामे आहेत.

शिलाँगला पोचायला रात्रीचे आठ वाजले. पोलीस बाजाराची दुकानं मिटत आली होती. जेवताना मावशींनी वही काढली. दोन ब्रश आणि पिवळ्या रंगाचा एक डबा, खर्च कुठल्या पानावर? पाळकसाहेब म्हणाले, हे तर सेवेचंच काम, मंडळीच्या खात्यात टाका.

"चूक आपली आणि पैसे मंडळीचे?" मावशी म्हणाल्या, आणि 'प्रेक्षणीय'च्या पानावर, धबधब्याच्या पार्किंगखालच्या ओळीत, त्यांनी तो खर्च लिहिला.